दुसरा नर

१

संग्रहालयात त्यांना सगळे कीटकबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे कीटकबाई. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं, कारण ज्याला पाठीमागे काहीच नाव पडत नाही असा माणूस फारसा कामाचा नसतो, असं त्यांचं जुनं मत होतं.

नवा भुंगेरा जगापुढे मांडायचा म्हणजे काय करायचं, हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो हसतो. तांदळाच्या कणीएवढा जीव. त्याला कार्डाच्या तुकड्यावर डिंकाने बसवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि पाठीवरच्या केसांपासून मिशांच्या पेरांपर्यंत सगळं लिहून काढायचं. शेजारणीची नवी सूनसुद्धा कोणी इतक्या बारकाईने पाहत नाही. हा भुंगेरा दलदलीतला होता, तपकिरी, मऊ अंगाचा, सगळं अळीपण पाण्यात काढणारा. त्याचे नमुने होते दोनच, दोन्ही नर. पहिल्याला जातीचा मूळ नमुना म्हणून लाल चिठ्ठी लागली होती आणि दुसरा त्याला जोड म्हणून शेजारी बसला होता.

वर्णन जवळजवळ पुरं झालं होतं. मागच्या पायांची मापं तेवढी राहिली होती. सकाळची वेळ होती, खिडकीशी चहा निवत होता. बाईंनी बारीक सुईने दुसऱ्या नमुन्याचा पाय हलकेच बाजूला सारला आणि त्यांचा हात थांबला.

पाय वाकला.

यात काय विशेष, असं कोणीही म्हणेल. पण वाळलेल्या भुंगेऱ्याचा पाय वाकत नसतो, तो मोडतो. वाकवायचाच असेल तर नमुना आधी ओल्या वाळूच्या डबीत घालून नरम करावा लागतो. हा तर कार्डावर बसून कित्येक आठवडे झाले होते. बाईंनी पुन्हा सुई टेकवली. पाय पुन्हा वाकला, आणि सुई काढल्यावर सावकाश आपल्या जागी गेला.

हवा दमट असणार, बाई स्वतःशी म्हणाल्या. कोपऱ्यात ओलावा ओढणारं यंत्र घरघरत होतं आणि त्याचा काटा हवा कोरडी असल्याचं दाखवत होता. त्यांनी चहा एका घोटात संपवला. तो गार झाला होता.

२

दोन्ही भुंगेरे ज्याच्या नावावर होते, त्याला सगळे गमबूट म्हणत. घरात, दारात, बाजारात, कुठेही तो रबराचे गुडघ्याएवढे बूट घालूनच जायचा. कधी पाणी लागेल सांगता येत नाही, म्हणायचा. संग्रहालयासाठी रानोमाळ हिंडून किडे गोळा करणं हे त्याचं काम. बाई त्याच्यावर चिडायच्या, ओरडायच्या, आणि तो नसला की त्यांचं कामात लक्ष लागायचं नाही.

पहिला नर त्यानेच आणला होता. दलदलीत पांढरा पडदा लावून, मागे दिवा ठेवून. त्या फेरीत पडद्यावर जे जे आलं ते सगळं त्याने मद्यार्काच्या मोठ्या बरणीत भरून आणलं आणि वर तरंगणारा हा भुंगेरा तेवढा बाजूला काढून बाईंच्या टेबलावर ठेवला. बाकीची बरणी निवडायची राहिली. तांदूळ निवडावेत तसं ते काम, फक्त इथे खडे जास्त आणि तांदूळ विरळा. चिखल, पतंगांचे पंख, माश्यांच्या तंगड्या. बाईंना त्याचा मनस्वी कंटाळा होता.

"एकावर मी नवी जात उभी करत नाही," बाई म्हणाल्या होत्या. "एखादा जन्माचाच वाकडा असतो. दुसरा नर हवा."

"त्या बरणीत असेल की मॅडम. पाहिलीत का?"

"पाहिली. नाही त्यात."

घरातूनच बोलताना आपण 'निघालोच' म्हणतो ना, तितक्याच सहज बाई हे बोलल्या. बरणी त्यांनी उघडलीही नव्हती. सवडीने उघडू, असं मनात होतं. गमबूटने मान डोलवली. दलदलीत पाणी चढायचे ते दिवस होते आणि त्या दिवसांत तिकडे कोणी फिरकत नसे. हे बाईंनाही माहीत होतं. पण बाई नाही म्हणाल्या म्हणजे नाही, हे त्याने आजवर कधी तपासून पाहिलं नव्हतं. मग जाऊन येतो, म्हणाला, आणि गेला.

होडी सापडली. पडदा सापडला, दोन झाडांना नीट ताणून बांधलेला. पिशवी सापडली, तिच्यातल्या सगळ्या काचनळ्या रिकाम्या. तो सापडला नाही.

३

बरणी बाईंनी उघडली ती त्यानंतर. शोध थांबवल्याची बातमी आली त्या दिवशी घरी जाववेना आणि हाताला काहीतरी चाळा हवा होता. पहिल्याच बशीत, माश्यांच्या पंखांखाली, दुसरा नर पडलेला होता. धडधाकट. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना रडू आलं नाही. त्यांनी चिमट्याने त्याला उचलून कोरड्या कागदावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गमबूटची बायको आली. ती शिवणकाम करायची. बाई तिला वहिनी म्हणत. खुर्चीच्या टोकावर बसून तिने एवढंच विचारलं, की ज्याच्यासाठी गेले तो मिळाला का हो त्यांना?

बाई हो म्हणाल्या. पिशवीतल्या एका नळीत होता, म्हणाल्या. वहिनीने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मग फुकट नाही गेले." तिचा जीव थोडा तरी भांड्यात पडला, आणि बाईंचाही.

मग दुसऱ्या नराच्या टाचणीला चिठ्ठी लावायची वेळ आली. किडा कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी पकडला, एवढंच त्या चिठ्ठीवर असतं आणि सगळं शास्त्र तिच्यावर उभं असतं. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांमधल्या चुका काढल्या होत्या. या चिठ्ठीवर त्यांनी तारीख दुसऱ्या फेरीची घातली. जातीला नाव गमबूटच्या खऱ्या नावावरून दिलं. सगळ्या संग्रहालयाला ते फार आवडलं, आणि कौतुक ऐकताना बाई मूग गिळून बसल्या.

न वाळणारा भुंगेरा तो हा.

४

बाईंनी करता येईल ते सगळं केलं. नमुना गरम पेटीत ठेवला, दिव्याखाली ठेवला, डिंक बदलला. बुद्धी शाबूत होती, तिला कारणं सुचत होती. मद्यार्क नीट उडाला नसेल. डिंकाने पाणी धरलं असेल. पहिला नर त्याच पेटीत, त्याच डिंकाने चिकटवलेला, ठणठणीत कोरडा होता, याचं कारण मात्र सुचत नव्हतं. दुसरा दिव्याखालून काढला की त्याच्या पंखांवर ओल असायची. वास घेतला तर मद्यार्काचा नाही, कुजलेल्या पानांचा.

संचालकसाहेबांच्या कानावर घातलं तर ते हसले. म्हणाले, मॅडम, तुम्ही त्याला सुट्टी द्या आणि स्वतःही घ्या.

पुढच्या सोमवारी बाईंनी पेटी उघडली तर आत तीन भुंगेरे होते.

तिसऱ्याला चिठ्ठी नव्हती. नुसतं कार्ड, टाचणी आणि वर भुंगेरा, डोकं जरा डावीकडे कललेलं, डिंक गरजेपेक्षा जास्त. कार्डाची कड तिरकी. संग्रहालयात कार्डं कापायचं छोटं यंत्र होतं आणि सगळे तेच वापरत. एकटा गमबूट कात्रीने कापायचा. यंत्राच्या कार्डावर किडा दुकानात मांडल्यासारखा दिसतो, म्हणायचा. या तिरक्या कार्डांवरून बाईंनी त्याला किती वेळा फैलावर घेतलं असेल याची गणती नव्हती.

कोणीतरी चेष्टा करत असणार. पण चेष्टा करणारा हा भुंगेरा कुठून आणणार? बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तीच जात होती. नर होता. सुई लावल्याबरोबर पाय वाकला आणि डिंकाचा ओला धागा सुईबरोबर वर आला.

त्यांनी कोणाला हाक मारली नाही. पेटी बंद केली आणि कपाटाला कुलूप लावलं. कुलूप लावताना त्यांना एक विचार शिवून गेला आणि तो त्यांनी लगेच झटकला. विचार असा होता, की आपण दुसरा मागितला, पण किती पुरे ते सांगितलंच नाही.

५

मग पेटी भरत गेली. कुलपाचा काही उपयोग झाला नाही. बाई सकाळी येत, कपाट उघडत, नवी तिरकी कार्डं पाहत आणि पेटी पुन्हा आत सारत. मोजणं त्यांनी सोडून दिलं. सगळे नर, सगळे नीट बसवलेले, सगळे ओले.

संग्रहाच्या दालनात लोखंडी कपाटांच्या लांब रांगा होत्या. दोन रांगांमध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, आणि शेवटच्या वाटेच्या टोकाला भिंत. बाईंचं टेबल दालनाच्या तोंडाशी होतं. आता दुपारी, भर उजेडात, त्यांना त्या शेवटच्या वाटेतून आवाज ऐकू यायचा. पाणी भरलेल्या रबरी बुटांनी कोणी चालावं तसा. घाई नाही, थांबणं नाही. आवाज नेहमी आतल्या बाजूला जायचा आणि भिंतीपाशी ऐकू येईनासा व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून. परत येण्याचा आवाज कधीच नाही.

यंत्र घरघरतंय, बाई म्हणायच्या. एकदा त्यांनी यंत्र बंद केलं. त्यानंतर त्यांनी ते पुन्हा बंद केलं नाही.

फरशी पुसणाऱ्या मावशी एक दिवस कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मॅडम, तुमच्या लोकांना सांगून ठेवा. चिखलाचे पाय घेऊन आत जातात ते जातात, बाहेर कुठून येतात? येतानाचं पाऊल एक नाही. मी काय वेडी आहे का रोज पुसायला?"

बाई म्हणाल्या, सांगते.

त्याच आठवड्यात छपाईआधीचे कागद आले. दुसऱ्या नराची तारीख तिथे ठळक होती आणि संचालकसाहेबांनी शेजारी शेराही लिहिला होता. शेवटच्या फेरीत मिळालेला नमुना, वर्तमानपत्रांना द्यायला छान गोष्ट आहे. बाईंनी पेन उघडलं. एक तारीख खोडायची आणि दुसरी लिहायची, एवढंच काम होतं. मग वहिनी विचारणार, मग ते गेले कशासाठी? त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते बाई होत्या. वहिनीसाठी आपण गप्प आहोत, असं त्यांनी स्वतःला इतके दिवस बजावलं होतं. पेन हातात धरल्यावर मात्र त्यांना स्वच्छ कळलं की आपण आपल्यासाठीच गप्प आहोत. त्यांना स्वतःची किळस आली. पेन त्यांनी तसंच मिटलं.

६

वहिनी भुंगेरा पाहायला आली ती दुपारचं ऊन असताना. संचालकसाहेबांनीच बोलावलं होतं. छापून येण्याआधी घरच्यांनी पाहायला हवा, म्हणाले, आणि दालनाच्या दारात तिला सोडून पाय काढता घेतला. अशा वेळी काय बोलावं हे त्यांना कधीच सुचत नसे.

बाई तिला पहिला नर दाखवणार होत्या, कोरडा, लाल चिठ्ठीचा. पण वहिनीने दुसराच मागितला. शेवटचा कोणता तो दाखवा, म्हणाली. बाईंनी पेटी अर्धवट ओढली आणि हात आडवा धरला, तरी रांगा दिसल्याच.

"एवढे मिळाले?" वहिनी म्हणाली. मग ती वाकली. भुंगेऱ्यांकडे तिने पाहिलंच नाही. ती कार्डांच्या कडा पाहत होती, कापडाची शिवण पाहावी तशी, मान तिरकी करून.

"ही माझी कात्री आहे," ती म्हणाली. "टोकाशी दात पडलाय तिला. बघा, प्रत्येक कार्डाला शेवटी तेवढीच खाच आहे. पूर्वी हे दुसऱ्या कात्रीने कापायचे. ती हरवली, म्हणून जाताना माझी घेऊन गेले. मी कुरकुरले होते." तिने वर पाहिलं. "ती काही परत आली नाही, मॅडम. मग ही कार्डं कोणी कापली?"

शेवटच्या वाटेत पाणी भरलेले बूट आत चालले होते. वहिनीने तिकडे कान दिला. तिचा चेहरा बदलला, पण भीतीने नाही. आणि ते पाहून बाईंच्याने पुढे राहवलं नाही. त्यांनी सांगून टाकलं. बरणीचं सांगितलं, ती न उघडताच पाहिली म्हटल्याचं सांगितलं, दुसरा नर पहिल्यापासून इथेच होता तेही सांगितलं. तारखेचं सांगितलं. नळ्या रिकाम्या होत्या हेही. सांगताना त्यांचा आवाज अगदी कामाचा राहिला, जणू कोणा तिसऱ्याचंच वर्णन त्या वाचून दाखवत होत्या, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

वहिनी ओरडली नाही. हात उगारला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तिने पदराने तळहात पुसले, एक, मग दुसरा.

"म्हणजे त्यांना अजून माहीतच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"की पुरे झालं. सांगितलेलं काम सोडून ते घरी यायचे नाहीत, मला माहीत आहे त्यांचा स्वभाव. तुम्ही पाठवलंत. तुम्हीच बोलवा." ती दाराकडे गेली आणि तिथे थांबून म्हणाली, "तुमच्याशी काय बोलायचं ते मी नंतर बोलेन. आधी त्यांना येऊ दे."

दाराबाहेर एक बाकडं होतं. त्यावर ती बसल्याचा आवाज आला.

७

बाई शेवटच्या वाटेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. वर नळीदिवे जळत होते. दोन्ही बाजूंना राखाडी कपाटं, त्यांच्यावर क्रमांक, खाली ओली फरशी. वाटेत कोणी नव्हतं. आवाज मात्र त्यांच्यापुढून आत जात होता, आणि जिथे जिथे पोहोचत होता तिथे तिथे फरशीवर पाणी उमटत होतं.

रिकाम्या वाटेशी बोलायचं म्हणजे वेडेपणा. बाईंना स्वतःचं हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

"ऐक," त्या म्हणाल्या. बूट भिंतीपाशी पोहोचत आले होते. "मी बरणी उघडलीच नव्हती. तुला खोटं सांगितलं. दुसरा त्यातच होता. तू जायला नको होतंस. पुरे झालं आता. चल, परत ये."

आवाज थांबला.

इतके आठवडे तो कानांत बसला होता की थांबल्यावर दालन एकदम मोठं वाटलं. यंत्राची घरघर ऐकू आली. मग बूट वळले. रबर फरशीवर घासलं, पाणी हिंदकळलं, आणि पहिल्यांदाच आवाज बाईंच्या दिशेने येऊ लागला.

बाई हलल्या नाहीत. पळावंसं वाटत होतं, पण आता याच्यासमोर उभं राहणं तेवढंच आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटलं. आधी कुजलेल्या पानांचा वास आला. मग पाणी, पातळ, तपकिरी, त्यांच्या चपलांना लागलं. मग मधल्या कपाटापाशी, जिथे एक नळीदिवा लुकलुकत होता, तिथे त्यांना बूट दिसले. काठोकाठ भरलेले. बुटांच्या तोंडाशी पाणी थरथरत होतं, कारण त्यात लहान लहान चपटं काहीतरी दाटीने वळवळत होतं, दलदलीतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या वळवळतात तसं. बुटांमध्ये पाय असायला हवे होते, आणि जे होतं त्याला पाय म्हणता आलं असतं की नाही, ते बाईंनी पाहिलं नाही. त्यांनी वर पाहिलं, कमरेपर्यंत, आणि तिथून पुढे डोळे नेले नाहीत. कमरेच्या उंचीवर एक हात पुढे केलेला होता. मिळालेलं दाखवायला तो नेहमी करायचा तसाच, बाईंचा निकाल ऐकायला थांबलेला. हाताची बोटं नीट राहिली नव्हती. तरी त्यांच्यात काचनळी सरळ धरलेली होती.

बाईंनी ती घेतली. काच गार होती. हात खाली गेला. तो तिथेच उभा राहिला, आणि बाईंना कळलं की तो पुढच्या शब्दाची वाट पाहतो आहे.

"आले का हो?" दाराबाहेरून वहिनीने विचारलं.

बाकडं करकरलं. ती उठली होती. तिची चप्पल दाराशी आली. अजून दोन पावलांवर तिला ही वाट दिसली असती, हा दिवा, हे बूट, आणि बुटांच्या वर जे होतं ते सगळं. बाईंच्या डोळ्यांसमोर तिचा तो मघाचा चेहरा आला, आवाज ऐकल्यावर बदललेला. हे तिला पाहू द्यायचं? एवढंच त्यांच्या मनात आलं. खरोखर एवढंच आलं, पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःला सांगत राहिल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "इथे कोणी नाही, वहिनी. कोणी आलेलं नाही."

त्यांनी ते दाराकडे तोंड करून म्हटलं होतं. पण ऐकणारे दोघे होते. आणि त्यातल्या एकाने बाईंचा शब्द कधी तपासून पाहिला नव्हता.

मागे रबर फरशीवर घासलं. बाई गर्रकन वळल्या, तोवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली फक्त पाणी होतं आणि आवाज आतल्या बाजूला चालला होता. घाई नाही, थांबणं नाही. बाईंनी त्याला हाक मारली, खऱ्या नावाने मारली, थांब म्हणाल्या, ते तुला नाही म्हटलं, असंही म्हणाल्या. बूट भिंतीपाशी पोहोचले आणि भिंतीतून पुढे गेले, लांब, अजून लांब, जिथे या इमारतीत जागाच नव्हती तिथे.

या वेळी आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला नाही.

वहिनी दारातूनच मागे वळली. बाकडं पुन्हा करकरलं.

"थांबते मी," ती बाहेरून म्हणाली. "वेळ लागतो त्यांना."